पारपटलाची पारख

कामगार संघटनेचे काम करणाऱ्यांनी वसंत व्याख्यानमालेत बोनसावर बोलावे, फार तर खाणीतल्या सुरक्षिततेवर बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. डोळ्याच्या एका रोगाचा आणि तो शोधून काढण्याच्या विद्येचा इतिहास हा विषय आम्ही घेतला म्हणून काहींना नवल वाटले असेल. आम्ही वैद्य नाही. जे काही ठाऊक आहे ते पुस्तके वाचून, जाणत्यांना विचारून आणि ऐकून. पण डोळा आणि मजुरी यांचा संबंध फार जुना आहे, आणि आज आपल्या भद्रावतीच्या तरुणांपुढे तो नव्या रूपाने उभा राहिला आहे. म्हणून हा विषय.

जुन्या संबंधाची दोन उदाहरणे प्रथम देतो. इंग्लंडमधील कोळसा खाणींत मंद दिव्याच्या उजेडात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांची बुबुळे आपोआप थरथरू लागत. माणसाला समोरची वस्तू स्थिर दिसेना. हा रोग खरा की कामचुकारांचे ढोंग, यावर पुष्कळ वाद झाला. अखेर १९०७ साली तेथील सरकारने नुकसानभरपाईस पात्र अशा धंदेवाईक रोगांच्या यादीत तो घातला. पुढे टोपीवर विजेचे दिवे आले, उजेड वाढला आणि रोग मागे हटला. दुसरे उदाहरण १९०५ सालचे. आज चेक देशात असलेल्या ओलोमोउत्स या गावी आलोइस ग्लोगार नावाच्या एका मोलमजुराचे दोन्ही डोळे चुन्याने भाजून पांढरे झाले होते. डॉ. एदुआर्द झिर्म यांनी ७ डिसेंबर रोजी त्याच्या डोळ्यांवर दुसऱ्याच्या डोळ्यातील पारदर्शक पडद्याचे कलम केले. दोहोंपैकी एक कलम टिकले आणि तो मजूर पुन्हा कामावर गेला. माणसाच्या डोळ्यावर यशस्वी झालेले हे पहिले कलम होय. सारांश, ज्या पडद्याची कथा आज सांगावयाची आहे, त्याच्या इतिहासात मजूर पहिल्यापासून हजर आहे.

हा पडदा म्हणजे कॉर्निया. शाळेच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा बसलेला हा स्वच्छ पडदा होय. तो पांढरा पडला की आपण डोळ्यात ‘फूल पडले’ असे म्हणतो. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर. मायक्रॉनच्या मापात सांगावयाचे तर साधारण ५४०. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळविण्याचे दोन तृतीयांश काम हाच पडदा करतो. त्याची वक्रता जराशी बदलली तरी दृष्टी बदलते. लेझरची सारी करामत या एका गोष्टीवर उभी आहे, आणि आपला रोगही याच गोष्टीतून उद्भवतो.

त्या रोगाचे नाव केराटोकोनस. सुबक गोल असावयाचे पारपटल हळूहळू पातळ होते आणि आतल्या दाबाने पुढे येऊन शंकूसारखे होते. वेदना नाही, लाली नाही. चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो, तिरका नंबर वाढतो, दिव्याभोवती फाटे दिसतात. जर्मनीत बुर्खार्द माउखार्ट यांनी १७४८ साली अशा डोळ्याची नोंद केली. पण इतर विकारांपासून त्याला नीट वेगळे काढून सविस्तर वर्णन केले ते लिव्हरपूलचे डॉ. जॉन नॉटिंगहॅम यांनी, १८५४ साली. हा रोग बहुधा वयात येताना सुरू होतो आणि विशी-तिशीपर्यंत वाढत जातो. हे वय ध्यानात ठेवावे. ज्या वयात हा रोग गुपचूप वाढत असतो, नेमके त्याच वयात तरुणांना चष्मा नकोसा होतो.

रोगाचे नाव ठरले. पण तो वेळेवर ओळखावा कसा? शंकू वाढला म्हणजे तो बाजूने पाहणाऱ्यालाही दिसतो. प्रश्न आहे तो आरंभीच्या अवस्थेचा. येथे एका अगदी साध्या युक्तीने मोठे काम केले. पोर्तुगालचे आंतोनियो प्लासिडो यांनी १८८० साली एक तबकडी केली. तिच्यावर एकात एक अशी काळी-पांढरी वर्तुळे, मधोमध एक भोक. तबकडी रोग्याच्या डोळ्यासमोर धरावयाची आणि भोकातून पारपटलावर उमटलेले वर्तुळांचे प्रतिबिंब पाहावयाचे. पडदा सुडौल असेल तर वर्तुळे गोल दिसतात. कोठे उंचवटा असेल तर वर्तुळे वेडीवाकडी होतात, एका बाजूस दाटतात. नव्या भांड्याच्या तळाशी खिडकीचे प्रतिबिंब पाहून पोचा ओळखणारी गृहिणी याहून वेगळे काय करते? पुढे स्वीडनचे गुलस्ट्रँड यांनी १८९६ मध्ये या वर्तुळांचे छायाचित्र घेऊन मोजमापाची रीत बसविली.

या मोजमापाचा खरा उपयोग करून घेतला तो स्वित्झर्लंडचे डॉ. मार्क आम्सलर यांनी. १९३८ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, एका डोळ्यात उघड रोग असलेल्या माणसाच्या दुसऱ्या, वरवर निरोगी डोळ्यातही वर्तुळे किंचित कललेली असतात. कित्येकांत रोग या पहिल्याच पायरीवर थांबतो आणि जन्मभर त्रास देत नाही. या अर्धवट, सुप्त रूपाला त्यांनी वेगळे नाव दिले. त्या काळी ही माहिती काहीशी शास्त्रीय कुतूहलाची होती. कारण असा माणूस चष्मा लावून सुखाने नांदत असे. त्याच्या पारपटलाला कोणी हात लावीत नव्हते. पुढे हात लावणारे निघाले आणि आम्सलरांच्या निरीक्षणाला जीवनमरणाचे नव्हे, पण दृष्टीचे मोल आले.

पारपटलाला चिरा देऊन त्याचा आकार बदलावा ही कल्पना हॉलंडचे लान्स यांनी १८९८ मध्ये प्राण्यांच्या डोळ्यांवर प्रयोग करून तपासली होती. ती माणसावर मोठ्या प्रमाणात वापरली जपानच्या डॉ. त्सुतोमु सातो यांनी. १९४० ते ६० या दोन दशकांत त्यांनी शेकडो डोळ्यांवर आतून आणि बाहेरून चिरा दिल्या. नंबर उतरले, माणसे आनंदली. पण पारपटलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एक थर असतो, तो पाणी उपसून पडदा कोरडा व स्वच्छ राखतो, आणि एकदा नष्ट झालेल्या त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, ही गोष्ट तेव्हा नीट कळलेली नव्हती. दहा-वीस वर्षांनी त्यांपैकी बहुसंख्य डोळ्यांचे पडदे सुजले आणि धुरकटले. सातो हे काही लबाड गृहस्थ नव्हते. जे त्यांना दिसत नव्हते, ते नाहीच असे त्यांनी धरले, एवढाच दोष.

नंतर रशियाच्या फ्योदोरोव यांनी १९७० नंतर फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत सुधारून लोकप्रिय केली. अमेरिकेत तिची दहा वर्षे तपासणी झाली आणि १९९४ साली निष्कर्ष छापला गेला: शेकडा ४३ डोळ्यांचा नंबर दूरदृष्टीच्या बाजूला एक किंवा अधिक अंकाने सरकला होता. पडदा एकदा दुबळा केला की शस्त्रक्रिया संपल्यावरही तो हलत राहतो, हा त्यातला धडा.

आता लेझर. येथे एका भारतीयाचे नाव अभिमानाने घ्यावे लागते. १९२९ साली मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात तेथील सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर एक्सायमर लेझरचा अतिनील झोत टाकला. मांस भाजले नाही, काळे पडले नाही. झोताखालचा भाग तेवढा अलगद उडून गेला आणि कडा स्वच्छ राहिल्या. त्यांचे सहकारी होते जेम्स विन व सॅम्युएल ब्लुम. १९८३ साली नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह श्रीनिवासन व ब्रॅरेन यांनी हाच झोत पारपटलावर चालवून दाखविला. एका ठोक्यास सुमारे पाव मायक्रॉन इतके सूक्ष्म तासकाम! १९८८ मध्ये डॉ. मार्गरिट मॅक्डोनाल्ड यांनी दिसत्या डोळ्यावर प्रथम हे उपचार केले. १९९० च्या सुमारास ग्रीसचे पॅलिकॅरिस आणि इटलीचे बुरात्तो यांनी पडद्याचा वरचा पापुद्रा झाकणासारखा उचलून त्याखाली लेझर चालविण्याची रीत काढली. हीच लॅसिक. दुखणे कमी, दृष्टी दुसऱ्या दिवशी. पाहता पाहता ती जगभर पसरली आणि लाखो लोक तिने खरोखर सुखी झाले. हे आम्ही मोकळेपणी कबूल करतो. लेझरला नावे ठेवण्यासाठी हे व्याख्यान नाही.

परंतु १९९८ साली जर्मनीचे डॉ. थिओ सायलर यांनी एक धोक्याची घंटा वाजविली. लॅसिकनंतर काही डोळ्यांचे पारपटल पुढे फुगू लागले होते. निरोगी समजून शस्त्रक्रिया केलेल्या माणसांना शंकूचा रोग झाल्यासारखी अवस्था आली होती. त्यांनी मांडलेल्या उदाहरणांत आम्सलरांनी वर्णिलेला सुप्त रोग शस्त्रक्रियेआधीच असलेला डोळाही होता. जो पडदा जन्मभर तग धरून राहिला असता, तो तासल्यामुळे ढासळला. या आपत्तीस ‘एक्टेशिया’ म्हणतात. तिचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत दहा हजार डोळ्यांमागे चारपासून साठपर्यंत आढळले आहे. आकडा लहान आहे. पण ज्याचा डोळा गेला त्याचे प्रमाण शंभर टक्केच असते.

हे का घडते, ते समजून घेण्यास आपल्या भागातल्या माणसाला फारसे सायास पडू नयेत. माजरीच्या बाजूचे भूमिगत खाणकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना डिपिलरिंग ठाऊक आहे. प्रथम कोळशाचे खांब उभे ठेवून गाळे खणतात. मग खांबही काढावयास घेतात. किती काढावयाचे आणि किती राखावयाचे याचा हिशोब असतो. तो चुकला तर छत खाली येते. लॅसिकमध्येही हाच हिशोब आहे. समजा, पारपटल ५४० मायक्रॉन जाड आहे. वरचा पापुद्रा ११० चा घेतला. चष्म्याच्या प्रत्येक अंकासाठी सुमारे १४ मायक्रॉन तासावे लागतात. ५ नंबर असेल तर ७०. खाली राहिले ३६०. निदान २५० तरी राहिलेच पाहिजेत असा जुना दंडक. आज पुष्कळ शल्यविशारद ३०० च्या खाली जात नाहीत. आता दुसरा डोळा घ्या: जाडी ४९०, पापुद्रा १२०, नंबर ८, प्रत्येकी १५ प्रमाणे तासणी १२०. उरले नेमके २५०. येथे छत डोक्यावर टेकले!

पण अनुभवी ओव्हरमन एवढ्यावर थांबत नाही. खांबाची रुंदी पुरेशी असली तरी त्याच्या आत भेग असेल तर सारा हिशोब व्यर्थ. म्हणून कामाला हात घालण्याआधी तो छत ठोकून आवाज ऐकतो. आमच्या भद्रावतीचे कुंभारही मडके वाजवूनच देतात. केवळ जाडी मोजणे म्हणजे खांबाची रुंदी मोजणे. आतली भेग ओळखणे ही वेगळी विद्या, आणि गेल्या चाळीस वर्षांत डोळ्याच्या बाबतीत तीच विद्या वाढत आली आहे.

तिचे टप्पे थोडक्यात सांगतो. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत स्टीफन क्लाइस यांनी प्लासिडोच्या वर्तुळांचे मोजमाप संगणकावर चढविले आणि पारपटलाचा रंगीत नकाशा तयार झाला. डोंगर-दरी दाखविणाऱ्या भूगोलाच्या नकाशासारखाच तो असतो; तापट रंग चढाचे, थंड रंग सपाटीचे. राबिनोविट्झ यांनी १९८९ पासून खालचा भाग वरच्यापेक्षा किती अधिक उभार आहे, दोन डोळ्यांत फरक किती, याची मापे ठरविली. तथापि वर्तुळे उमटतात ती फक्त पुढच्या पृष्ठभागावर, आणि रोगाची चाहूल पुष्कळदा मागच्या पृष्ठभागावर आधी लागते. येथे कामाला आले ऑस्ट्रियाचे एक सैनिकी अधिकारी थिओडोर शाइम्फ्लुग. आकाशातून घेतलेली जमिनीची छायाचित्रे सरळ कशी करावी यासाठी त्यांनी १९०४ मध्ये तिरक्या कॅमेऱ्याचे तत्त्व मांडले होते. त्या तत्त्वावर फिरता कॅमेरा डोळ्यासमोर बसविल्यावर पडद्याची पुढची बाजू, मागची बाजू आणि जागोजागची जाडी एकाच तपासणीत कळू लागली. जमीन मोजावयास काढलेली युक्ती शंभर वर्षांनी डोळा मोजण्यास उपयोगी पडली. ज्ञान कोणत्या दाराने आत येईल याचा नेम नसतो.

आणखी एक बारकावा. पारपटलावर पेशींचे पातळ आवरण असते. खाली उंचवटा आला तर हे आवरण तेथे पातळ आणि भोवती जाड होते. गवंड्याने गिलावा करून भिंतीचा फुगवटा झाकावा तसे. त्यामुळे पृष्ठभागाचा नकाशा निर्दोष दिसू शकतो. आता या आवरणाचीही स्वतंत्र जाडी मोजता येते आणि गिलाव्याखालची भिंत ओळखता येते. २००८ साली अमेरिकेचे रँडलमन आणि त्यांचे सहकारी यांनी धोक्याचे गुण मोजण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी पाहतात: नकाशाचा आकार, शस्त्रक्रियेनंतर उरणारी जाडी, वय, मूळ जाडी आणि नंबर. सर्वांत वजनदार ठरला तो नकाशाचा आकार. वय कमी असेल तर धोका अधिक, हेही ध्यानात आले. कारण सुप्त रोग प्रकट होण्यास त्या डोळ्याला अजून अवधी मिळालेला नसतो.

हे सारे परदेशचे झाले, आपल्याकडे काय? अमेरिकेतील एका परगण्याच्या १९८६ च्या पाहणीवरून हा रोग दोन हजारांत एकाला होतो असे फार काळ मानले जाई. मग २०१७ साली हॉलंडमधून ३७५ मध्ये एक असा आकडा आला. पण त्याआधीच, २००९ साली, आपल्या विदर्भाच्या मातीतून एक आकडा जगापुढे गेला होता. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या तुकडीने नागपूर भागातील खेड्यांत तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांचे डोळे तपासले. पारपटलाची शक्ती ४८ अंक किंवा त्याहून अधिक असेल तर तो रोग समजावा अशी कसोटी लावता शेकडा २.३ लोकांत तो निघाला. ही कसोटी सैल आहे. मर्यादा थोडी वर नेली की आकडा झपाट्याने खाली येतो, आणि तेथे साधे मापन होते, पुरा नकाशा नव्हता. तेव्हा या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण हा रोग आपल्याकडे विरळा, म्हणून तपासणीची फिकीर नको, असे म्हणण्यासही या पाहणीनंतर जागा उरली नाही.

रोगाच्या कारणांत आनुवंशिकता आहे; त्याचबरोबर डोळे चोळण्याची सवयही आहे. ज्याला धुळीने, उन्हाने डोळ्यांची खाज सुटते तो डोळे चोळतो, आणि वर्षानुवर्षे बोटांच्या पेरांनी चोळलेला पडदा दुबळा होत जातो. आमच्या वस्त्यांत कोळशाची धूळ किती आणि वैशाखातले ऊन किती, हे श्रोत्यांना सांगावयास नको. मुलगा सारखा डोळे चोळतो ही तक्रार आईने क्षुल्लक मानू नये. खाजेवर औषध आहे. चोळणे हे औषध नव्हे.

आता भद्रावतीच्या तरुणाकडे वळू. येथे भरतीची वाट पाहणारी मुले घरोघर आहेत: कोणाला सैन्यात जावयाचे आहे, कोणाला पोलिसांत, कोणाला वनखात्यात, कोणाला रेल्वेत. धावणे झाले, छाती झाली, आणि दृष्टीच्या तपासणीत गाडे अडते. मग कोणी सांगतो, ‘लेझर करून टाक, अर्ध्या तासाचे काम.’ शेत गहाण पडते, बापाच्या फंडातून उचल होते आणि तारीख जवळ आलेली असल्याने सारी घाई होते. आम्हांला येथे खरी काळजी वाटते. हौसेखातर चष्मा काढणारा थांबू शकतो. भाकरीसाठी काढणारा थांबत नाही. शिवाय लेझर केलेला डोळा प्रत्येक खात्याला चालतोच असे नाही. नियम खात्यागणिक व पदागणिक वेगळे असतात. कोठे किमान वय, कोठे उरलेली जाडी, कोठे मधला कालावधी पाहतात. ते आधी वाचावे, पैसे नंतर भरावे.

तपासणीत दोष निघाला तर? आम्ही म्हणू, तो तरुण भाग्यवान. पूर्वी शंकू वाढत गेला की कठीण काचा आणि शेवटी कलम, एवढेच मार्ग होते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे वोलेनझाक, स्पोर्ल व सायलर यांनी २००३ साली पारपटलात जीवनसत्त्व ब-२ चे थेंब मुरवून त्यावर अतिनील किरण टाकण्याच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने पडद्यातील धागे परस्परांना अधिक घट्ट बांधले जातात आणि बहुतेकांत रोगाची वाढ थांबते. ज्या सायलरांनी धोक्याची घंटा वाजविली, तेच उपायाच्या शोधातही होते. पण गेलेला आकार याने पुरता परत येत नाही. आहे तेवढे राखले जाते. म्हणून लवकर ओळखण्याचे मोल. लेझरसाठी गेलेल्या मुलाला ‘तुला लेझर करता येणार नाही’ असे सांगणारा डॉक्टर त्याचे नुकसान करीत नसून कदाचित त्याचे डोळे वाचवीत असतो.

तेव्हा प्रत्येकाने चार गोष्टी मागून घ्याव्यात. एक, दोन्ही डोळ्यांचा पुढचा आणि मागचा नकाशा व जाडी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने ती डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद ठेवावी, कारण लेन्सने आकार तात्पुरता बदलतो व नकाशा फसवा येतो. दोन, तासून खाली किती उरेल याचा आकडा स्पष्ट शब्दांत. तीन, निदान वर्षभर नंबर स्थिर असल्याचा पुरावा, आणि घरात कोणाला हा रोग असेल तर ते न लपविता सांगणे. चार, या कागदांची प्रत आपल्या घरी. पगाराची पावती जपून ठेवावी, असे आम्ही आयुष्यभर कामगारांना सांगत आलो. डोळ्याचा नकाशा ही तशीच पावती आहे; पुढे काही बिघाड झाला तर मूळ काय होते ते तीच सांगते.

आणि ही केवळ ज्याची त्याची जबाबदारी नव्हे. खाणीत छत ठोकून पाहणे हे मजुराच्या मर्जीवर सोडलेले नाही. त्यासाठी कायदा झाला, माणसे नेमली गेली, आणि त्यामागे कित्येक अपघातांचे व चळवळींचे दडपण होते. शाळेतून, आयटीआयमधून, भरतीची तयारी करून घेणाऱ्या वर्गांतून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे पारपटल एकदा तपासले जावे, ही मागणी आपण नगरपालिकेपुढे व सरकारी रुग्णालयापुढे का ठेवू नये? इंग्लंडच्या खाणकामगारांचा रोगसुद्धा कोणी मागितल्यावाचून यादीत आला नव्हता. हा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आम्हांला इतकेच शिकवितो की, शोध लागले की ते आपोआप गरिबाच्या दारी येत नाहीत. ते मागावे लागतात, आणि मागण्यासाठी आधी ठाऊक असावे लागतात. तेवढ्यासाठीच आम्ही आपला हा वेळ घेतला.